तळपायांची आग आणि अल्फा लिपोइक ॲसिड: गोळी, जेवण आणि पाय

शिरपूरहून एका ताईंनी विचारलं आहे. वडील निवृत्त शिक्षक, वय एकसष्ट, बारा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. वर्षभरापासून रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात. डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूलवर मिथिलकोबालामिनसोबत (हे बी-१२ जीवनसत्त्वाचंच एक रूप) अल्फा लिपोइक ॲसिडचं नाव आहे. आता सुरतच्या मामांनी त्याच नावाची वेगळी बाटली पाठवली आहे, एक गोळी ६०० मिलिग्रॅमची. ‘भारी अँटिऑक्सिडंट आहे, घरातल्या सगळ्यांनी घ्या’ असा निरोपही सोबत आहे. ताईंचे प्रश्न असे: याचे फायदे खरे किती? हे जेवणातून मिळतं का? किती दिवस घ्यायचं? आईने आणि मी घेतलं तर? आणि बाबा चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचं म्हणताहेत, जाऊ द्यावं का?

ताई, आधी थोडक्यात सांगतो. या औषधाने काही रुग्णांची आग आणि मुंग्या कमी होतात, हे खरं आहे. पायाची गेलेली संवेदना ते परत आणत नाही. गोळीत जेवढं असतं तेवढं कुठल्याही जेवणातून मिळत नाही. आईला आणि तुम्हाला त्याची गरज नाही. बाबांच्या बाबतीत मात्र गोळीच्या आधी दोन-तीन गोष्टी बघायला हव्यात आणि त्या बघितल्या गेल्या आहेत की नाही, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. माझं उत्तर लांबणार आहे ते त्यासाठीच.

अल्फा लिपोइक ॲसिड आपलं शरीर स्वतःच तयार करतं. पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात, जिथे अन्नापासून ऊर्जा निघते. साखरेपासून ऊर्जा निघण्याच्या साखळीत पायरुवेट डिहायड्रोजिनेज नावाचं एंझाइम लागतं आणि ते एंझाइम या ॲसिडशिवाय चालत नाही. म्हणजे हे मुळात ऊर्जेच्या कामातलं द्रव्य आहे, अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशनने पेशींना होणारी इजा रोखणारं द्रव्य, ही त्याची दुसरी ओळख. अमेरिकेत लेस्टर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली ते पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं. त्यासाठी गुरांच्या यकृताचा सुमारे दहा टन चोथा वापरावा लागला आणि हाती आले ३० मिलिग्रॅम स्फटिक. शरीरात हे किती सूक्ष्म प्रमाणात वावरतं, याची कल्पना यावरून येईल. बाजारातली गोळी कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनते, म्हणून तिच्यात ६०० मिलिग्रॅम बसू शकतं. बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिलं असलं तरी ही मात्रा निसर्गातली नाही.

अँटिऑक्सिडंट म्हणून त्याचं वैशिष्ट्य असं की ते पाण्यातही काम करतं आणि चरबीतही. क जीवनसत्त्व फक्त पाण्यात विरघळतं, ई जीवनसत्त्व फक्त स्निग्धात. हे दोन्हीकडे पोचतं आणि वापरली गेलेली क आणि ई जीवनसत्त्वं पुन्हा कामाला लावायला मदत करतं. मधुमेहात साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतूंवर आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर या ऑक्सिडेशनचा मारा होत राहतो. सगळ्यांत लांबचे तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रासही तिथूनच सुरू होतो. माझ्याकडे येणारी माणसं सांगतात, “डॉक्टर, रातले पायनी आग व्हस, गोधडी बी सहन व्हत नही.” चादरीचा स्पर्शही नकोसा होणं हे या दुखण्याचं अगदी नेमकं लक्षण आहे.

आता जेवणाचं. प्राण्यांच्या अवयवांपैकी मूत्रपिंड, हृदय आणि यकृत, म्हणजे खाटकाकडे मागताना आपण म्हणतो ते गुर्दे, दिल आणि कलेजी, यांत ते सापडतं. भाज्यांत सगळ्यांत जास्त पालकात, त्याखाली ब्रोकोली, मग टोमॅटो आणि मटार. तांदळाच्या कोंड्यातही थोडं असतं. पण प्रमाण बघा. पालक पूर्ण वाळवला तर त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३ मायक्रोग्रॅम. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे शंभर ग्रॅम ताज्या पालकातून पंचवीस-तीस मायक्रोग्रॅम मिळालं तर मिळालं. मामांनी पाठवलेल्या एका गोळीएवढं पालकातून घ्यायचं तर दोन टनांहून जास्त पालक लागेल. शिवाय अन्नात ते प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं, सुटं नसतं. त्यामुळे ‘अमुक भाजी खा, लिपोइक ॲसिड मिळेल आणि पाय बरे होतील’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. जेवणातून हे मिळालं नाही म्हणून कुणाला आजार होतो असंही नाही, कारण लागतं तेवढं शरीर घरच्या घरी बनवतं.

पालक खाऊ नये असा याचा अर्थ कुणी काढू नये. पालक, मेथी, पोकळा, घोळ, अंबाडी या भाज्या मधुमेह्याच्या ताटात रोज हव्यात, त्यातल्या चोथ्यासाठी आणि फोलेटसाठी. आपल्याकडची कळण्याची भाकरी तर मला फार मोलाची वाटते. ज्वारीत उडीद दळलेले असतात, प्रथिनं मिळतात, पोट भरलेलं राहतं आणि साखर गव्हाच्या बट्टीपेक्षा संथ चढते. वरण-बट्टीचा बेत सणावारी असू द्या, पण दर रविवारी तुपात बुडवलेल्या चार बट्ट्या खाऊन सोमवारी अँटिऑक्सिडंटची गोळी घेण्यात काही साधत नाही. वांग्याविषयीही बरेच जण विचारतात. वांग्यातल्या ज्या जांभळ्या रंगद्रव्याचं अँटिऑक्सिडंट म्हणून कौतुक होतं, ते जांभळ्या सालीत असतं. आपलं भरिताचं वांगं हिरवं आणि भाजल्यावर आपण साल काढूनच टाकतो. गरात क्लोरोजेनिक ॲसिड असतं, ते आपल्याला मिळतं. भरीत खुशाल खावं, तेलावर हात राखून.

गोळीचा उपयोग किती, यावर बराच अभ्यास झालेला आहे. जर्मनीत मधुमेही न्यूरोपॅथीसाठी, म्हणजे मधुमेहाने मज्जातंतूंना होणाऱ्या इजेसाठी, हे औषध कित्येक दशकं वापरात आहे. अमेरिकेत ते पूरक आहार म्हणून विकलं जातं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिडनी-२’ या अभ्यासात रशिया आणि इस्रायलमधल्या १८१ रुग्णांना पाच आठवडे गोळ्या दिल्या होत्या: कुणाला ६००, कुणाला १२००, कुणाला १८०० मिलिग्रॅम, तर कुणाला औषध नसलेली गोळी. ज्यांना औषध मिळालं त्यांची आग, टोचणी, मुंग्या कमी झाल्या. महत्त्वाचं म्हणजे १२०० आणि १८००चा फायदा ६००पेक्षा जास्त नव्हता, मळमळ आणि उलट्या मात्र जास्त होत्या. त्यामुळे ६००च्या पुढे जायचं कारण उरत नाही. नंतर ‘नेथन-१’मध्ये ४६० रुग्णांना चार वर्षं ६०० मिलिग्रॅम दिलं. तपासणीतल्या काही खुणा थोड्या सुधारल्या, पण ज्या मुख्य निकषासाठी अभ्यास उभा केला होता त्यात औषध आणि बिनऔषधाची गोळी यांत ठोस फरक निघाला नाही. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेते. तिच्या २०२४च्या आढाव्याने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून म्हटलं की सहा महिन्यांच्या पातळीवर लक्षणांत बहुधा फारसा फरक पडत नाही.

मग मी ते देतो का? देतो, निवडक रुग्णांना. ज्यांची आग त्रासदायक आहे, साखर आटोक्यात आणायचं काम चालू आहे आणि ज्यांना प्रीगाबालिनसारख्या औषधांनी गुंगी येते, अशांना तीन महिने देऊन बघतो. फरक पडला तर चालू, नाही पडला तर बंद. झोप लागू न देणाऱ्या वेदनेसाठी ड्युलोक्सेटीन, ॲमिट्रिप्टिलीन, प्रीगाबालिन, गाबापेंटिन यांचा आधार लिपोइक ॲसिडपेक्षा भक्कम आहे आणि ही औषधं घ्यायला घाबरू नये.

इथे एक गोष्ट नीट वाचा. तुमच्या बाबांच्या आधीच्या कॅप्सूलचा मागचा भाग बघा. अशा मिश्र कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा मिथिलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम आणि अल्फा लिपोइक ॲसिड फक्त १०० मिलिग्रॅम असतं, सोबत फॉलिक ॲसिड आणि बी-६. ज्या अभ्यासांत फायदा दिसला ते ६०० मिलिग्रॅमचे. म्हणजे १००च्या कॅप्सूलने बाबांना बरं वाटत असेल तर त्याचं श्रेय बहुतेक बी-१२चं आहे. आणि नेमका हाच माझा खरा मुद्दा आहे.

मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. त्यात माणूस शाकाहारी असेल तर बी-१२ मिळण्याचा मार्ग दूध, दही, ताक एवढाच. खानदेशात माळकरी, महानुभाव, जैन अशी कितीतरी घरं पूर्ण शाकाहारी आहेत. बी-१२ची कमतरताही तळपायांची आग, मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं हेच सगळं करते. बारा वर्षं मेटफॉर्मिन घेतलेल्या माणसाचे पाय जळतात तेव्हा सगळा दोष साखरेवर टाकून मोकळं होता येत नाही. बी-१२ची तपासणी गोळी सुरू करण्याआधी व्हायला हवी, कारण मिथिलकोबालामिन घेतल्यावर रक्तातला आकडा वर येतो आणि आधीची कमतरता दिसेनाशी होते. बाबांची ती तपासणी झालेली नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. कमतरता फार असेल तर इंजेक्शनं लागतात आणि वेळेत दिली तर पाय बरेच सुधारतात. मात्र मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका, ते फार उपयोगी औषध आहे.

बाकीची कारणं भराभर सांगतो. रोजची दारू, मग ती देशी असो की मोहाची, मज्जातंतू जाळतेच. दारूने ब-१ कमी झालेलं असेल तर ते भरून काढल्याशिवाय लिपोइक ॲसिड देऊ नये. टीबीचं आयसोनियाझिड चालू असेल तर बी-६ सोबत हवं. थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासावेत. आणि कुष्ठरोग आपल्या भागातून अजून गेलेला नाही. एकाच पायाला बधिरपणा असेल, अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. उपचार मोफत मिळतो आणि माणूस पूर्ण बरा होतो. अशा माणसाला कुणी वर्षभर अँटिऑक्सिडंट देत बसलं तर त्याची बोटं वाकडी होतात, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

आता पाय. आग होणं हा त्रास आहे, पण जास्त धोका आग थांबण्यात आहे. तंतू आणखी मेले की वेदनाही जाते. घरच्यांना वाटतं गोळी लागू पडली. मी अशा वेळी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतो आणि डोळे मिटून सांगायला सांगतो, थरथर कधी थांबली. रुग्ण म्हणतो, “थांबलं.” माझं बोट त्याच्या अंगठ्याखाली असतं आणि तिथे मला थरथर अजून स्पष्ट लागत असते. मग दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्यावर वेगवेगळ्या जागी टेकवून बघतो. धागा वाकतो, तरी पायाच्या मालकाला पत्ता नसतो. या दोन तपासण्यांना पाच मिनिटं लागतात. बाबांचे पाय असे तपासले गेले आहेत का, हे विचारा. या तपासण्या वर्षातून एकदा तरी व्हायलाच हव्यात.

ज्याला धागा कळत नाही त्याला खडा कळत नाही, चपलेतला खिळा कळत नाही, तापलेला डांबरी रस्ताही कळत नाही. चैत्रात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि अनवाणी चालायचा नवस बोललेला असतो. भाजलेले, फोड फुटून चिघळलेले तळवे मी दर उन्हाळ्यात बघतो, आणि त्यातली काही बोटं वाचवता येत नाहीत. बाबांची श्रद्धा मोठी आहे, ती मोडायला कुणी सांगत नाही. पण संवेदना गेलेली असेल तर पायी वारी नको, गाडीने जाऊन दर्शन घ्यावं. संवेदना शाबूत असेल, जखम नसेल आणि डॉक्टरांनी पायातला रक्तपुरवठा बघून होकार दिला असेल तर पहाटे आणि संध्याकाळी चालावं. पायात सुती मोजे आणि बंद, सैल बूट असावेत, नवे कोरे बूट नकोत. दर मुक्कामाला बरोबरच्या माणसाने बॅटरी घेऊन तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. अनवाणी कुठल्याही परिस्थितीत नको, देवळाच्या तापलेल्या फरशीवरसुद्धा मोजे असू द्यावेत.

घरगुती उपायांचंही सांगतो, कारण प्रत्येक घरात काहीतरी चालू असतंच. काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासणं हळू हाताने, कातडी अखंड असेल तर चालेल, बरं वाटतं. गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसणं बंद करा. थंडीत शेगडीजवळ पाय शेकणंही बंद. भाजलेलं कळत नाही. मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम मिळतं, ०.०७५ टक्क्यांचं, ते जळजळीवर खरोखर वापरलं जातं. त्याचीच ८ टक्क्यांची पट्टी अमेरिकेत २०२० साली मधुमेह्यांच्या पायदुखीसाठी मंजूर झाली. पण हे ऐकून नंदुरबारची मिरची वाटून पायाला लावल्याचीही उदाहरणं आहेत. कृपा करून तसं करू नका, कातडी सोलून निघते.

६००ची गोळी घ्यायची ठरली तर डॉक्टरांच्या संमतीनेच, रोज एक, सकाळच्या नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जेवणाबरोबर घेतली तर शोषण घटतं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी चालू असेल तर ही दुपारच्या जेवणाआधी घ्या. जुनी कॅप्सूल आणि नवी बाटली दोन्ही एकदम चालू ठेवायच्या का, हे दोन्ही डबे डॉक्टरांसमोर ठेवून विचारा. विशेषतः बी-६ दोन-तीन ठिकाणांहून मिळून जास्त झालं तर त्यानेच पायाला मुंग्या येतात, हे फार लोकांना माहीत नसतं. मळमळ, पोटात जळजळ, गरगरणं, अंगावर पुरळ हे नेहमीचे त्रास आहेत. क्वचित, फार क्वचित, शरीर स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं आणि साखर अचानक खाली येते. अशा घटना जपान, कोरिया आणि युरोपात नोंदल्या गेल्या आहेत आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ साली या धोक्यावर मत दिलं आहे. बाबांना घाम फुटला, थरथर सुटली, बोलण्यात गोंधळ झाला तर साखर मोजा, लगेच गोड द्या, गोळी थांबवा आणि दवाखाना गाठा. साखरेच्या इतर गोळ्यांचा परिणामही यामुळे वाढू शकतो, म्हणून पहिले काही आठवडे घरी ग्लुकोमीटरने जरा जास्त वेळा मोजावं. केमोथेरपी चालू असलेल्यांनी कुठलाही अँटिऑक्सिडंट कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तीन महिन्यांनी हिशोब करा. सुरू करण्याच्या दिवशी रात्रीच्या वेदनेला शून्य ते दहा असा आकडा देऊन वहीत लिहून ठेवा. बाबा शिक्षक आहेत, वही नीट ठेवतील. तीन महिन्यांत आकडा दोन-तीननेही खाली आला नाही तर गोळी बंद करा. त्या पैशांत एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), बी-१२ची तपासणी आणि मधुमेह्यांसाठीची मऊ चप्पल होते. आणि मध्येच एक पाय सुजून गरम लागला, तो दुखत नसला तरी, किंवा बोटाचा रंग बदलला, जखमेतून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

आईला मधुमेह नाही, पायाचा त्रास नाही, म्हणजे तिला ही गोळी कशासाठी द्यायची? वजन कमी होतं म्हणून काही जण घेतात. अभ्यासांत घट दिसते, पण ती इतकी लहान की रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याने त्याहून जास्त मिळावं. तरुण राहण्यासाठी, कातडी उजळण्यासाठी म्हणून ती विकली जाते, त्याला म्हणावा तसा आधार नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तुम्ही अजिबात घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर बाटली वरच्या फळीवर, कुलपात ठेवा. ही गोळी मोठ्या संख्येने पोटात गेल्याने झटके येऊन मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय लेखनात आहे. तुम्हाला स्वतःसाठी काही करायचंच असेल तर वडिलांना मधुमेह आहे हे लक्षात घेऊन तिशी ओलांडल्यावर दरवर्षी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासा, आणि तुमचंही जेवण शाकाहारी असेल तर त्याच रक्तात बी-१२ही बघून घ्या.